एसडब्ल्यूचे सोलो अल्बम, रँकिंग लावून द्या (अर्जंट)

बेसवेडा: मंडळी, काही केल्या जमत नाहीये. पहिला 'रेव्हन' की 'हँड कॅनॉट इरेझ' इथेच गाडं अडलंय आणि उद्या संध्याकाळी यादी द्यायचीय. 'फ्यूचर बाइट्स' शेवटी, ते नक्की. 'साडेचार' (4½) हा अल्बम धरायचा का? पटापट सांगा.

मृदंग७: एसडब्ल्यू म्हणजे स्टीव्ह विनवुड का? आणि यादी कुणाला द्यायचीय?

बेसवेडा: अहो स्टीव्हन विल्सन! पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश रॉक बँडवाला.

कोथरूडकर: रेव्हन. विषय संपला. 2013 चा, साउंड इंजिनियर अ‍ॅलन पार्सन्स, गिटारवर गथ्री गोवन, ड्रम्सवर मार्को मिनमन. त्यातल्या 'ल्युमिनॉल' गाण्याच्या सुरुवातीला निक बेग्जचा बेस सुसाट सुटतो तेवढ्यावरच पहिला नंबर. साडेचार धरू नको, त्यात बरंचसं आधीच्या दोन अल्बमांच्या सेशन्समधलं राहिलेलं आहे.

मीरा_नाशिक: नुसतं वादनच बघायचं का? 'हँड कॅनॉट इरेझ' ज्या बाईवरून सुचला ती जॉयस व्हिन्सेंट खरी होती, लंडनमध्ये घरातच गेली आणि दोन वर्षांहून जास्त काळ कुणाला पत्ता नाही, 2006 ला सापडली तेव्हा टीव्ही चालूच होता. त्यातल्या 'रुटीन' गाण्यात गायिका निनेट तायेबचा आवाज फुटतो तिथे दर वेळी पोटात कालवाकालव होते. रेव्हनमध्ये असं काय आहे?

कोथरूडकर: 'ड्राइव्ह होम' गाण्याचा शेवटचा गिटार सोलो आहे. परत ऐका.

अ‍ॅटमॉसप्रेमी: 'हार्मनी कोडेक्स' अ‍ॅटमॉसमध्ये (डॉल्बीची चहूबाजूंनी आवाज देणारी सिस्टम) ऐकल्याशिवाय रँक करूच नका. कुठले स्पीकर आहेत तुमच्याकडे? सबवूफर भिंतीला चिकटवून ठेवू नका.

पवईकर: 2009 ला मूड इंडिगो फेस्टिव्हलला पॉर्क्युपाइन ट्री आले होते मुंबई आयआयटीत, इथलं कोण कोण होतं?

मृदंग७: अहो, पण यादी कुणासाठी??

बेसवेडा: भाचीसाठी. परवा जर्मनीला चाललीय शिकायला, विमानात ऐकेन म्हणाली. प्रोग (प्रोग्रेसिव्ह रॉक) कधी ऐकलेलं नाही.

मीरा_नाशिक: हे आधी सांगायचं ना! मग रँकिंग कशाला, ऐकायचा क्रम दे. आधी 'टू द बोन', मग 'हँड', मग रेव्हन. 'ओव्हरव्ह्यू'त दोनच ट्रॅक, त्यातला पहिला 23 मिनिटांचा, तो आत्ताच नको.

कोथरूडकर: टू द बोन पहिला?? त्यातलं 'पर्मनेटिंग' गाणं ऐकून तिला वाटेल हा डिस्कोवाला आहे. पहिल्यांदाच चांगलं द्या की.

मृदंग७: एरवी काय ऐकते ती?

बेसवेडा: अ‍ॅबा. तो स्वीडिश पॉप बँड. दिवसभर अ‍ॅबा.

मीरा_नाशिक: मग पर्मनेटिंगच दे पहिलं! विल्सनला स्वतःला अ‍ॅबा प्रचंड आवडतं आणि त्या गाण्यात ते सरळ ऐकू येतं. गाणी डाउनलोड करून दे, विमानात नेट मिळेलच असं नाही.