आसूड वाजत नाही? उतार बघा

दादा, तुम्ही म्हणायलेत नायलॉनच्या दोरीचा आसूड विणला पण कडाकाच येईना. दोष दोरीचा नाही, उताराचा आहे. मुठीपासून शेंड्यापर्यंत जाडी सारखी कमी होत गेली पाहिजे, म्हणून आठ पेडांनी सुरू करा, पुढं दोन पेड आत दडवून सहा, मग चार, आन् आतला गाभा पण निमुळता ठेवा, नाहीतर मधेच फुगवटा येतो आन् जोर तिथंच मरतो. विणता विणता बोट फिरवून बघा, लगेच कळतं. शेंडा आवाजाच्या वेगापुढं जातो तवाच कडाका निघतो. ऑस्ट्रेलियात कांगारूच्या कातड्याच्या वाद्या घेतात, पातळ असून लई चिवट. शेंड्याला सुताचा गोंडा मात्र बदलता येईल असाच बांधा, तोच आधी झिजतो.