ऑस्ट्रेलियात आईच्या नावाने सब-फंड: कोणाला अनुभव आहे का?

मेलबर्नकर: नमस्कार मंडळी. यंदा कंपनीचे शेअर विकले. त्यातली काही रक्कम आईच्या नावाने मुलींच्या शिक्षणासाठी बाजूला काढायची आहे. आई सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होती. दरवर्षी थोडं थोडं दान द्यायचं मनात आहे. अकाउंटंट म्हणतो, 30 जूनला करवर्ष संपायच्या आत एखाद्या पब्लिक अँसिलरी फंडात (लोकांच्या देणग्या घेऊन त्या संस्थांना वाटणारा न्यास) सब-फंड, म्हणजे आपल्या नावाचं वेगळं खातं, उघडा. त्यातून गावच्या शाळेला देता येईल का?

सुनंदाताई: थेट नाही. सब-फंडातला पैसा इथल्या डीजीआर दर्जाच्या, म्हणजे ज्यांना दिलेल्या देणगीवर करवजावट मिळते अशा, संस्थांनाच जातो, त्याही ‘आयटम 1’ मधल्या, म्हणजे असे फंड सोडून प्रत्यक्ष काम करणाऱ्या. परदेशात मदतकार्य करणाऱ्या काही संस्थांना तो दर्जा आहे, त्यांच्यामार्फत भारतातल्या कामाला हातभार लावता येतो.

आमचा सब-फंड ह्यांच्या नावाने आहे. पैसे एकदा घातले की ते आपले राहत नाहीत, हे घरात सगळ्यांना आधी नीट सांगा. आपण संस्था सुचवायची, शेवटचा शब्द विश्वस्तांचा. करवजावट मात्र पैसे घातले त्याच वर्षी मिळते, हवी तर पाच वर्षांत विभागून घेता येते. त्यामुळे जूनच्या गडबडीत संस्था निवडावी लागत नाही. 2022 च्या नियमावलीप्रमाणे अख्ख्या फंडाने वर्षाला निदान 4 टक्के वाटायचे असतात, म्हणून पैसा नुसता पडून राहत नाही. फी किती कापतात ते आधी विचारा.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते मुलांबरोबरचं बसणं. धाकटी प्रत्येक संस्थेचा वार्षिक अहवाल उघडते आणि थेट खर्चाच्या पानावर जाते. गेल्या खेपेला तिने माझी आवडती संस्था बाजूला ठेवायला लावली आणि निर्वासित बायकांना इंग्रजी शिकवणारी एक छोटी संस्था पुढे केली. तिचं बरोबर होतं.

पर्थचा_विनायक: गावच्या शाळेसाठी वेगळी वाट ठेवा. इथलं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक कार्डधारक) असलात तरी, तुमची देणगी भारतात परदेशी धरली जाते. शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी, म्हणजे परदेशी देणगी घेण्यासाठीची भारतातली नोंदणी, लागते. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा स्वतःच्या कमाईचा असेल तर ती अट नाही. इथली वजावट मात्र त्यावर मिळणार नाही.

मेलबर्नकर: पासपोर्ट भारतीयच आहे. मग शाळेला वेगळे पाठवतो, वजावट नाही मिळाली तरी चालेल. सब-फंडही उघडतोच. माझ्यानंतर संस्था सुचवायला मुलीचं नाव देता येतं का?

सुनंदाताई: आमच्याकडे येतं, अर्जातच रकाना आहे. तुमच्या फंडाला विचारून घ्या.