मदत हवी आहे : लाईट गेल्यावर गाडीवरनं घर चालवलंय का कुणी?
नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहतो, लाईट गेली की दोन तासांत इन्व्हर्टर बसतो आणि अण्णांचं ऑक्सिजन मशीन, ३५० वॅटचं, बीप-बीप करायला लागतं, आई आधी अण्णांच्या नाकाजवळ हात नेऊन बघते. ऑस्ट्रेलियातल्या मावसभावानं बीवायडी शार्क ६ घेतली, प्लग-इन हायब्रिड पिकअप, बॅटरी जवळपास ३० युनिटची, व्हीटूएलनं (गाडीच्या बॅटरीवर बाहेरची उपकरणं चालवायची सोय) ६.६ किलोवॅट देते, शिवाय पेट्रोल इंजिन आहेच. आपल्याकडं ती नाही, पण नेक्सॉन ईव्हीच्या काही मॉडेलला ३.३ केव्हीएपर्यंत व्हीटूएल आहे. मशीन थेट गाडीवर लावावं का चेंजओव्हर (लाईनची वीज तोडून गाडीची जोडणारा स्विच) बसवून घरात घ्यावं? करंट उलटा लाईनवर गेला तर खांबावरच्या वायरमनच्या जिवावर बेतायचं. कुणी वापरलं असेल तर प्लीज सांगा, उन्हाळ्याआधी करायचंय.