स्कॅन करून टाकलेल्या नोट्स म्हणजे नोट्स देणं झालं का?

वर्धेकर_पोट्टा
सरळच विचारतो. सर लोक नोट्स कॉम्प्युटरवर टाइप करतात, मग प्रिंट काढतात, मग त्या प्रिंटचे मोबाईलनं फोटो काढून पीडीएफ बनवतात आन् ग्रुपवर टाकून देतात. आमच्या शेजारचा पोट्टा एमए करून राह्यला, डोळ्यानं दिसत नाही, फोनमधलं टॉकबॅक लावून सगळं ऐकते, व्हॉट्सॲप काय अन् बँकेचे मेसेज काय, पण ही पीडीएफ उघडली की फोन गप्प. कारण त्यात अक्षरं नाहीतच, पानाचा फोटो आहे नुसता. जी फाइल सरांच्या पेनड्राइव्हमधे अक्षरांसकट पडून आहे तीच द्यायला काय जाते? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 42 मधे, इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम स्वरूपात असावा हे लिहून आहे. स्कॅन बंद करा, मूळ फाइल द्या, एवढंच म्हणणं आहे.

सीएचबीवाला
कायदा सांगणं सोपं आहे राजेहो. मी तासिका तत्त्वावर आहे, तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की शून्य. माझ्या अर्ध्या नोट्स हातानंच लिहिलेल्या आहेत, त्या टाइप कोण करणार, रात्री लाइट असली तर मी? आणि मूळ फाइल ग्रुपवर टाकली की आठ दिवसात तालुक्यातला क्लासवाला वर आपलं नाव टाकून विकतो. बाकी सगळी पोरं फोटोवरून आरामात वाचतात. त्याला परीक्षेत लेखनिक मिळतो ना? वर्षभर एखाद्या मित्रानं वाचून दाखवावं, आमच्या वेळी असंच चालायचं.

वर्धेकर_पोट्टा
लेखनिक पेपरपुरता असते सर, अभ्यासाले नाही. मित्राचं म्हणाल तर मित्र वाचून दाखवते, चांगला आहे बिचारा, पण सोयाबीनची सोंगणी लागली की तो वावरात असते आन् तेव्हाच परीक्षा डोक्यावर आलेली असते. मग यानं कोणाच्या दारात जाऊन बसावं? हातानं लिहिलेल्याचं मी बोलतच नाही, टाइप केलेलं असून फोटो काढता त्याचं बोलून राह्यलो.

डीटीपी_आर्वी
भौ, मूळ फाइल देल्ली का झालं, असं वाटते तुमाले. आमच्याकडं निम्मं काम अजून कृतिदेव नाईतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधे होते. कृतिदेवमधे 'भारत' टाइप केलं तर डोळ्याले भारत दिसते, पण मशीनच्या लेखी थे एच के के जे आर असते. तुमचा टॉकबॅक तेच वाचन, मंग पोट्टा म्हणन फोटोच बरा होता बाप्पा. कन्व्हर्टर हाय, पण रफार अन् जोडाक्षरं कुठंकुठं तुटतात, पुन्हा सगळं प्रूफ पाहा. थे पैसे कोन देईन? सर देईन का कॉलेज देईन? माह्या दुकानात तर कोनी देत नाई.

वर्धेकर_पोट्टा
जुनं राहू द्या ना भाऊ, कोण म्हणते सगळं कन्व्हर्ट करा. आजपासून जे नवीन टाइप होईल ते युनिकोडमधे करा, म्हणजे मशीनलेही अक्षर अक्षरच दिसते. जुन्या टाइपरायटरवरचा रेमिंग्टन कीबोर्ड युनिकोडमधेही मिळते, बोटाले नवीन काही शिकवायचं नाही.

गणितवाली_यवतमाळ
इथं सगळे बीए-एमएचंच बोलताहेत म्हणून मधे पडते. युनिकोड केलं की झालं हे गणितात चालतच नाही. अपूर्णांक, इंटिग्रल वगैरे लोक चित्र म्हणून चिकटवतात, मग आजूबाजूचं मराठी वाचलं जातं आणि नेमकं समीकरण आलं की रिकामं. वर्डच्या इक्वेशन एडिटरमधे लिहिलं तर एनव्हीडीए हे कॉम्प्युटरवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, ॲड-ऑन टाकून वाचू शकतं (ते फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 मधे सुरू केलं), पण तसं लिहायला वेळ लागतोच लागतो. हे दुखणं आपल्याच गावचं आहे असंही नाही. अर्काइव्ह (arXiv) नावाच्या साइटवर जगभरातले गणित-फिजिक्सवाले आपले रिसर्च पेपर टाकतात, तिथंही वर्षानुवर्षं पीडीएफच होत्या ज्या स्क्रीन रीडरला नीट कळत नाहीत, डिसेंबर 2023 पासून कुठं नवीन पेपर एचटीएमएलमधे, म्हणजे वेबपानासारखे, द्यायला लागले. तेव्हा "काय जाते" असं म्हणू नका, जातं. तरी करावं ह्याच मताची मी आहे.

कास्तकार_३६५
मले तर दोन्ही डोळे हायत, तरी हे स्कॅन नको. बहिणीच्या नोट्सची एकेक फाइल 20-25 एमबीची, गावात रेंज नाई, अर्धी उतरते अन् अटकते. मोठं करून वाचायचं तर ओळ स्क्रीनच्या भाईर जाते, सरकवत बसा इकडून तिकडं.

सीएचबीवाला
अहो पण ओसीआर नावाची गोष्ट आहे ना! गुगल ड्राइव्हवर फोटो टाकला की अक्षरं काढून देतो, मराठीही. त्यानं स्वतः करून घ्यावं, सगळ्या मास्तरांना कामाला कशाला लावता?

वर्धेकर_पोट्टा
करून पाह्यलं सर त्यानं. सरळ छापील पान असलं तर बऱ्यापैकी येते. तुमचे फोटो तिरपे, कोपऱ्यात अंगठा, दोन कॉलम असले तर या ओळीचं अर्धं त्या ओळीत. आन् चूक कुठं झाली हे ज्याले पान दिसतच नाही त्यानं कसं शोधावं?

सीएचबीवाला
बरं. टाइप केलेल्या आहेत त्या फाइली त्याला देतो, पण फक्त त्याला. ग्रुपवर टाकणार नाही.

वर्धेकर_पोट्टा
फक्त त्याले काहून? तुमच्या वर्गात कमी दिसणारं कोण आहे, अक्षरं उलटसुलट दिसणारं कोण आहे, तुम्हाले माहीत आहे का? लाजून कोणी सांगत नाही. अन् क्लासवाला तर तुमच्या फोटोचीही झेरॉक्स मारून विकून राह्यला.

डीटीपी_आर्वी
थ्या झेरॉक्सवर माहं दुकान चालते, त्याच्यावर काई बोलू नोका 😄