टग हिलवर जोराचा बर्फ पडला की फर्नेस बंद का पडते?

प्रश्न: न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला टग हिल पठारावर घर. घर गरम ठेवणारी प्रोपेन गॅसची फर्नेस (भट्टी) ऐन बर्फात बंद पडते. टाकीत गॅस आहे. कुठे पाहावं? छपरावरचा बर्फ कधी उतरवावा?

प्रतिसाद १: आधी भिंतीतून बाहेर निघालेले पांढरे पीव्हीसी पाइप बघा. हवा घेणारा किंवा धूर सोडणारा पाइप बर्फाने बुजला की प्रेशर स्विच (हवेचा दाब बघणारा सुरक्षा स्विच) फर्नेस बंद करतो. हातानं मोकळे करा, मग थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारं बटण) बंद-चालू. टाकीवरचा रेग्युलेटर झाडूने साफ करा, फावडं नको. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूच्या अलार्मची बॅटरी तपासा. याच वायूमुळे जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब. दार उघडं ठेवलं तरी गॅरेजमध्ये नकोच.

प्रतिसाद २: छपराचं गणित जाडीचं नाही, वजनाचं. ताजा ३० सेंमी थर चौरस मीटरला साधारण ३० किलो, दबलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट. रूफ रेकने (छपरासाठीच्या लांब दांड्याच्या फावड्याने) जमिनीवरूनच ओढा, विजेच्या तारा सांभाळून. दोन्ही उतार थोडे थोडे; एकच बाजू मोकळी केलीत तर भार असमान होतो.

प्रतिसाद ३: हवामानाच्या अंदाजात वाऱ्याची दिशा बघत जा. पश्चिमेचा वारा सरोवराच्या लांबीभर बाष्प उचलतो. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांत १३ अंश सेल्सिअसचा फरक पडला की हिमपट्टा, म्हणजे जोराच्या बर्फाचा अरुंद पट्टा, तयार. तो एकाच जागी ठाण मांडून बसला तर मग विचारूच नका: फेब्रुवारी २००७ मध्ये टग हिलवरच्या रेडफील्ड गावाला दहाएक दिवसांत १४१ इंच बर्फ! पट्ट्याबाहेर थोड्याच अंतरावर ऊन असू शकतं, तेव्हा निघताना आकाश नाही, रडार बघा.