‘भोसकल्याची जखम’ म्हणावं का?

निशिगंधा (रत्नागिरी): शवविच्छेदन अहवाल मराठीत करतेय. ‘स्टॅब वूंड’ला मी ‘भोसकल्याची जखम’ लिहिलं, तर वकिलांनी शब्द खोडला. म्हणाले, भोसकणारा दुसरा कुणीतरी असतो. इथे मृत्यू संशयास्पद आहे, खून ठरलेला नाही. ‘कापल्याची’ लिहिलं तर ती ‘इन्साइज्ड’ होते. काय करू?

न्यायवैद्यक: वकिलांचं बरोबर आहे. कातडीवरची लांबी खोलीपेक्षा जास्त तर कापीव, खोली जास्त तर स्टॅब. एवढंच त्या नावात असतं. तळहातावर किंवा हाताच्या करंगळीकडच्या बाजूला घाव असले तर वार अडवल्याचं अनुमान निघतं, पण ते मत म्हणून वेगळं लिहायचं. जखमेच्या नावात ते नको.

देवगडकर: ताई, ‘खुपसल्याची’ लिहा. सुरी खुपसून घेतली असंही आपण म्हणतोच.

हर्णै: भोसकून घेतली असंही म्हणतात की, दादा. मी कित्येकदा वाचलंय.

शब्दव्रती: सुश्रुताने सद्योव्रणाचे, म्हणजे ताज्या जखमेचे, सहा प्रकार सांगितलेत: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. टोकदार शस्त्राची ती ‘विद्ध’, शस्त्र कोठ्यात, म्हणजे छाती-पोटाच्या पोकळीत, शिरलं तर ‘भिन्न’. इतकी घडवलेली भाषा आपल्याकडे असताना उसनवारी कशाला?

हर्णै: पंचनाम्यावर सही करणाऱ्या पंचाला ‘भिन्न’ म्हणजे ‘वेगळं’ एवढंच कळेल. आणि ‘व्रण’ म्हटलं की आज भरून आलेल्या जखमेची खूण डोळ्यांपुढे येते. ताज्या जखमेला व्रण लिहून कोर्टात घोळ होईल.

वेंगुर्ला: आमच्या आजोबांच्या डोक्यावर नारळ पडला तेव्हा सगळे ‘खोक पडली’ म्हणाले. कोयता लागला तरी खोकच म्हणतात. डॉक्टर, तुम्हाला फरक कळतो?

न्यायवैद्यक: भिंगातून बघावं लागतं. डोक्याची कातडी हाडावर ताणलेली असते, म्हणून बोथट मारानेही ती सरळ रेषेत फुटते. पण जखम उघडली की आत धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शाबूत दिसतात, केसांची मुळं चेचलेली असतात. कोयत्याने दोन्ही स्वच्छ कापले जातात. सुरीचंही तसंच, नुसत्या आकारावर जाऊ नये. एकधारी पात्याची जखम एका टोकाला निमुळती, दुसऱ्या टोकाला बोथट असते खरी, पण कातडीचा ताण ते बदलतो. गोल टोच्याचं भोकही फटीसारखं दिसतं, हे शरीररचनाशास्त्रज्ञ लांगरने 1861 मध्ये दाखवलं. शिवाय पोट दबतं, त्यामुळे खोली पात्याच्या लांबीपेक्षा जास्त भरू शकते.

देवगडकर: फट म्हणजे चीरच ना? जांभ्याचा चिरा त्यावरूनच आलाय. खाणीतून चिरून काढतात तो चिरा.

शब्दव्रती: पटत नाही. पूर्वी तो हाताने तासून काढायचे. मग ‘तासा’ का नाही म्हटलं?

देवगडकर: आधी चीर पाडल्याशिवाय दगड सुटतो का हो? खाणीवर जाऊन बघा.

निशिगंधा: चिरा राहू दे, मला उद्या अनुवाद द्यायचाय. ‘खुपसल्याची’ चालेल?

हर्णै: खुपसणाराही कुणीतरी असतोच ना, ताई. वकील तोही खोडतील. ‘खोल शिरलेली जखम’ लिहा.

शब्दव्रती: ‘विद्ध’ लिहा, आणि कंसात सोपा अर्थ द्या.

वेंगुर्ला: चिऱ्याचं मात्र देवगडकरांचं मला पटतंय. आमच्याकडे फणसालाही चिरा पाडतात, चीक यायला.