परदेशातून व्हीपीएन लावल्यावर भारतातली खाती लॉक होतात, काय बदलावं?

पैलतीर
नमस्कार मंडळी. मुक्काम जर्मनीत, खाती भारतातली: जीमेल, आउटलुक आणि एका बँकेचं नेटबँकिंग. लॅपटॉप आणि अँड्रॉइड फोन, दोन्हींवर पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) आहे आणि त्यात ‘भारत’ सर्व्हर निवडलेला असतो. तरी गूगल सारखं ‘हे तुम्हीच आहात ना’ विचारतं, आउटलुक कोड मागतं, नेटबँकिंग मधेच सेशन तोडतं. आता तर बँकेचा युजर आयडीच लॉक झालाय. व्हीपीएन बंद केलं तर बँकेचं पान इथून उघडत नाही. भारतीय सिम रोमिंगवर चालू आहे, ओटीपी येतात. डेडिकेटेड आयपी, म्हणजे फक्त माझ्यापुरता इंटरनेट पत्ता, विकत घ्यावा का?

तारायंत्र
थांबा, पैसे घालू नका. आधी समोरच्या सर्व्हरला काय दिसतं ते बघा. पासवर्ड बरोबर असला तरी तो आणखी बऱ्याच गोष्टी जोखतो: ब्राउझरमध्ये आधीच्या लॉगिनची कुकी (साइटने ठेवलेली खूण) आहे का, आयपी कुठल्या देशाचा, तो जिओ-एअरटेलसारख्या घरगुती नेटवर्कचा की डेटा सेंटरचा (भाड्याच्या सर्व्हरांचा), मागचं लॉगिन कुठून आणि किती वेळापूर्वी झालं. एखादी गोष्ट वेगळी असेल तर चालून जातं. तीन-चार एकदम बदलल्या की अडवणूक होते.

तुमचा ‘भारत’ सर्व्हर बहुधा भारतात नाहीच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातली मशीनं काढून घेतली. एक्स्प्रेसव्हीपीएनमध्ये ‘इंडिया, व्हाया सिंगापूर’ असं चक्क लिहिलेलंच असतं. मशीन बाहेर, आयपी तेवढा भारताच्या नावावर. आयपीवरून देश ओळखणाऱ्या डेटाबेसांचं अशा आयपीबद्दल एकमत नसतं, त्यामुळे गूगलला तुम्ही मुंबईत दिसता आणि बँकेला सिंगापुरात.

शिवाय तोच आयपी एका वेळी कितीतरी लोक वापरतात. त्यातल्या एकाने चोरीचे पासवर्ड चालवून बघितले की आयपीचं नाव खराब होतं आणि फटका सगळ्यांना. वर अ‍ॅपमधलं ‘फास्टेस्ट सर्व्हर’ चालू असेल तर प्रत्येक जोडणीला नवा आयपी. बँका सेशन अनेकदा आयपीला बांधतात. पान उघडं असताना व्हीपीएन तुटून परत जोडलं की सेशन गेलंच म्हणून समजा.

डेडिकेटेड आयपीने बदनामीचा आणि बदलाचा प्रश्न सुटेल, पण नेटवर्क डेटा सेंटरचंच राहील. बँकेला नेमकं तेच खटकतं.

सह्याद्रीवारा
वरच्याशी सहमत, पण आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, राहिलं. जर्मनीतल्या घरगुती जोडण्यांवर ते सर्रास असतं आणि काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ (जुनी पद्धत) बोगद्यातून, म्हणजे स्वतःच्या वाटेने, नेतात. मग अर्धी विनंती भारतातून, अर्धी जर्मनीतून, तीही एकाच मिनिटाला. व्हीपीएन लावून आयपीलीक डॉट नेट उघडा. आयपीव्ही४, आयपीव्ही६, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) आणि वेबआरटीसी (ब्राउझरमधली व्हिडिओ कॉलची सोय) या चारही ठिकाणी जर्मनीचं नाव कुठेही दिसायला नको. आयपीव्ही६ गळत असेल तर व्हीपीएन अ‍ॅपमधलं लीक प्रोटेक्शन लावा. ते नसेल तर विंडोजमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ६’ची खूण काढा.

फोनवर दुसरी गंमत होते. मेल अ‍ॅप मागे सतत सर्व्हरशी बोलत असतं. व्हीपीएन लागलं-सुटलं की तेच खातं कधी मुंबईत, कधी फ्रँकफुर्टमध्ये दिसतं. व्हीपीएनच्या स्प्लिट टनेलिंगमध्ये (काय बोगद्यातून न्यायचं आणि काय नाही ते ठरवायची सोय) जाऊन मेल अ‍ॅप कायमचं बोगद्याबाहेर काढा. पण अँड्रॉइडच्या व्हीपीएन सेटिंगमधलं ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’ चालू असेल, तर असं बाहेर काढलेल्या अ‍ॅपचं इंटरनेटच बंद पडतं. दोन्हींतलं एकच ठेवता येतं.

आणि खरं सांगायचं तर जीमेल-आउटलुकला व्हीपीएन हवंच कशाला? तुम्ही राहता जर्मनीत, तर घरच्या वायफायवरून, नेहमीच्याच ब्राउझरमधून, कुकी न पुसता लॉगिन करत राहा. थोड्याच दिवसांत तेच तुमचं नेहमीचं ठिकाण होतं आणि विचारपूस थांबते. इन्कॉग्निटोमध्ये मात्र दर वेळी तुम्ही नवे पाहुणे.

पैलतीर
आयपीव्ही६ खरंच जर्मनीचं दिसतंय! मेल अ‍ॅप बाहेर काढतो. आता बँकेचं काय? नाशिकला आई-बाबांकडे फायबर आहे, त्याचा उपयोग होईल का?

ओटीवरून
होईल, आणि हाच पक्का उपाय आहे. नाशिकच्या घरातून बाहेर पडणारा आयपी घरगुती नेटवर्कचा, तिथल्या मोजक्या ग्राहकांपुरता आणि खराखुरा भारतातला. शहर मुंबई दाखवलं तरी काळजी नको, देश आणि नेटवर्क जुळलं की बास.

राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून वायरगार्ड (स्वतःचं व्हीपीएन) लावायच्या नादी लागण्याआधी राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे बाहेरचा एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे वायरगार्डचं ५१८२० पोर्ट कितीही फॉरवर्ड केलं तरी बाहेरून काही पोचत नाही. मग टेलस्केल (आपलीच मशीनं एकमेकांना जोडणारं व्हीपीएन) वापरा, ते सीजीनॅटमधूनही वाट काढतं.

घरी एक रास्पबेरी पाय (छोटासा संगणक) ठेवा, लॅन केबलने राउटरला जोडा. त्यावर टेलस्केल टाका, आयपी फॉरवर्डिंग (दुसऱ्या मशीनची रहदारी पुढे पाठवणं) व्ही४ आणि व्ही६ दोन्हींसाठी चालू करा आणि तो एक्झिट नोड, म्हणजे तुमचं इंटरनेट जिथून बाहेर पडेल ते मशीन, म्हणून जाहीर करा. नंतर टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर त्या मशीनच्या ‘एडिट रूट सेटिंग्ज’मध्ये जाऊन मंजुरी द्या. ही मंजुरी हमखास राहते आणि मग लॅपटॉपच्या यादीत एक्झिट नोड दिसत नाही म्हणून लोक शोधत बसतात. तिथेच ‘डिसेबल की एक्स्पायरी’ही करून टाका. एरवी किल्ली १८० दिवसांनी संपते, पाय नेटवर्कबाहेर पडतो आणि नाशिकला परत लॉगिन करून द्यायला कोणीतरी लागतं.

वीज जाते तेव्हाचाही विचार करा. राउटर आणि फायबरच्या डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. पाय साधारण ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे ५ व्होल्टचं आउटपुटही असलेला यूपीएस घ्या आणि तुमचं पायचं मॉडेल जितके अँपिअर मागतं तितके तो देतो ना, ते पाहा. तुमचा वेग नाशिकच्या अपलोडवर ठरेल. नेटबँकिंगला १० एमबीपीएस पुष्कळ झाले.

बँकेसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल करा. आधी एक्झिट नोड जोडा, आयपी तपासा, मग लॉगिन. काम संपलं की आधी लॉगआउट, त्यानंतरच नोड सोडा.

तारायंत्र
झकास. पण बँकेचा लॉक पासवर्डच्या चुकीच्या प्रयत्नांमुळे लागला असेल तर तो आयपी बदलून सुटत नाही. आता पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. बँकेच्याच पानावरून अनलॉक किंवा रीसेट करा, तेही नाशिकच्या नोडवरून. बँकेच्या फोन अ‍ॅपला मात्र कुठलाच व्हीपीएन लावू नका. बरीच अ‍ॅपं व्हीपीएन दिसला की चालत नाहीत आणि त्यांची ओळख सिमला बांधलेली असते.

अनिवासी झाला असाल तर फेमा या परकीय चलन कायद्याप्रमाणे साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घ्यावं लागतं. ते केलं आणि परदेशातला पत्ता नोंदवला की परदेशी लॉगिन बँकेलाही अनपेक्षित राहत नाही. पान जर्मनीतून का उघडत नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

सह्याद्रीवारा
हे सगळं हलवण्याआधी गूगलचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. दहा मिळतात, प्रत्येकी आठ अंकी, एकेक एकदाच चालतो. सिम बंद पडलं तर तेच कामी येतील. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा माहिती सगळीच्या सगळी एका दमात बदलू नका. जुना फोन, जुना ईमेल, सगळंच काढलं तर ३० दिवस थांबवतात. नवं आधी जोडा, त्यावर कोड येतो याची खात्री करा, मगच जुनं काढा.

पैलतीर
ऑथेंटिकेटर अ‍ॅपचे कोड मधेच चुकीचे ठरतात, त्याचाही संबंध व्हीपीएनशी आहे का? फोनचं घड्याळ मी भारतीय वेळेवर ठेवलंय.

ओटीवरून
व्हीपीएनचा संबंध नाही. ते कोड दर ३० सेकंदांनी यूटीसी वेळेवरून (जगभरची एकच प्रमाण वेळ) बनतात. टाइम झोन ‘कोलकाता’ निवडला असेल तर काही बिघडत नाही. पण झोन जर्मनीचाच ठेवून काटे हाताने साडेतीन तास (हिवाळ्यात साडेचार) पुढे नेले असतील, तर फोनच्या मते यूटीसीसुद्धा तितकीच पुढे जाते आणि एकही कोड जुळत नाही. सेटिंग्जमध्ये ‘तारीख आणि वेळ आपोआप’ चालू करा आणि भारताची वेळ हवी असेल तर होम स्क्रीनवर दुसरं घड्याळ लावा.